अधिकाराविना मंत्रिपद : मलेशियाचे कायदामंत्री झैद इब्राहिम यांच्या 2008 मधील राजीनाम्याचा प्रकरण अभ्यास

मलेशियाच्या पंतप्रधान कार्यालयात कायदा विषयाचा कारभार पाहणारे मंत्री झैद इब्राहिम यांनी 15 सप्टेंबर 2008 रोजी राजीनामा दिला. मंत्री होऊन त्यांना सहा महिनेही झाले नव्हते. तीनच दिवसांपूर्वी, 12 सप्टेंबरला, अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली एक विरोधी खासदार, एक ब्लॉगलेखक आणि एका चिनी दैनिकाची वार्ताहर अशा तिघांना अटक झाली होती. खटला न चालवता माणसाला डांबून ठेवण्याची मुभा देणाऱ्या या कायद्याचा असा वापर मान्य नसल्याने आपण पद सोडत आहोत, अशी त्यांची भूमिका होती.

हे प्रकरण सहसा सदसद्विवेकासाठी दिलेल्या राजीनाम्याची कथा म्हणून सांगितले जाते, आणि त्यात खोटे काही नाही. मात्र मंत्री म्हणून आणि नंतर पक्षनेते म्हणून झैद यांनी घेतलेले निर्णय ओळीने मांडले, तर सर्वांत महत्त्वाचा निर्णय सप्टेंबरमधला दिसत नाही. तो मार्चमधला, म्हणजे मंत्रिपद स्वीकारण्याचा दिसतो. पुढील मांडणी त्या दृष्टीने केली आहे.

पार्श्वभूमी

झैद इब्राहिम यांचा जन्म 1951 मध्ये केलांतान राज्यातील कोटा भारू येथे झाला. द्वीपकल्पीय मलेशियाच्या ईशान्य टोकाचे हे राज्य मलयबहुल आणि धार्मिक वळणाचे असून 1990 पासून तेथे पास या इस्लामी पक्षाचे सरकार आहे. झैद यांनी 1987 मध्ये स्वतःची वकिली फर्म काढली आणि ती वाढवत वाढवत देशातील सर्वांत मोठ्या फर्मच्या स्थानावर नेली. राजकारणात ते आले ते अम्नो या सत्ताधारी मलय पक्षातून. अब्दुल्ला बदावी पंतप्रधान झाल्यानंतरच्या 2004 च्या निवडणुकीत सत्ताधारी बारिसान नासिओनाल आघाडीने 219 पैकी 198 जागा जिंकल्या, त्या लाटेत पासच्या बालेकिल्ल्यातील कोटा भारूची जागा झैद यांनी अम्नोकडे खेचून आणली. खासदार असताना म्यानमारमधील लोकशाहीसाठी काम करणाऱ्या आसियान खासदारांच्या गटाचे ते अध्यक्ष होते. शेजारच्या देशातील विनाखटला स्थानबद्धतेविरुद्ध बोलणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या देशात तसाच कायदा लागू होता, ही विसंगती त्यांच्या ध्यानात नव्हती असे मानणे कठीण आहे.

तो कायदा 1960 चा. ब्रिटिश काळात 1948 पासून कम्युनिस्ट बंडखोरीविरुद्ध आणीबाणी लागू होती आणि ती 31 जुलै 1960 रोजी उठली; दुसऱ्याच दिवशी अंतर्गत सुरक्षा कायदा अमलात आला. आणीबाणी संपली, पण तिचे मुख्य हत्यार कायमस्वरूपी कायद्यात आले. त्यातील कलम 73 नुसार पोलिसांना 60 दिवसांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येत असे आणि कलम 8 नुसार गृहमंत्र्यांच्या सहीने दोन वर्षांचा स्थानबद्धतेचा हुकूम निघत असे, जो पुन्हा पुन्हा वाढवता येत असे. 1989 च्या दुरुस्तीने न्यायालयांचा हातही आखडला गेला : कार्यपद्धती पाळली गेली की नाही एवढेच न्यायालयाने पाहायचे, हुकुमामागच्या कारणांत शिरायचे नाही. ‘मिसा’चा काळ आठवणाऱ्या वाचकांना या यंत्रणेची ओळख वेगळी करून द्यायला नको. भारतीय वाचकांसाठी आणखी एक दुवा असा की मलेशियाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या रीड आयोगात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक हे एक सदस्य होते. भारताप्रमाणेच त्या घटनेतही प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला जागा ठेवली गेली.

या कायद्याचा सर्वांत कुप्रसिद्ध वापर ऑक्टोबर 1987 मध्ये झाला. ‘ऑपरेशन लालांग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मोहिमेत शंभराहून अधिक लोकांना पकडण्यात आले, त्यांत लिम किट सियांग आणि कर्पाल सिंग यांच्यासारखे विरोधी नेते होते. तीन वृत्तपत्रांचे परवानेही स्थगित झाले. पुढच्याच वर्षी, 1988 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख साल्लेह अब्बास आणि आणखी दोन न्यायाधीश यांना पदावरून दूर करण्यात आले, इतर तिघांना निलंबित करून नंतर परत घेण्यात आले, आणि घटनेच्या 121 व्या अनुच्छेदात बदल करून न्यायसंस्थेचे स्थान दुबळे करण्यात आले. तेव्हा पंतप्रधान महाथीर मोहम्मद होते. मलेशियातील वकील या घटनेला आजही नुसते ‘1988’ म्हणतात.

वीस वर्षांनी तो प्रश्न पुन्हा वर आला. सप्टेंबर 2007 मध्ये विरोधी नेते अन्वर इब्राहिम यांनी एक ध्वनिचित्रफीत उघड केली. तिच्यात एक नामांकित वकील न्यायाधीशांच्या नेमणुकांविषयी फोनवर बोलताना दिसत होता. त्याच महिन्यात सुमारे दोन हजार वकिलांनी पुत्रजाया या प्रशासकीय राजधानीत मोर्चा काढला आणि पुढे सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मग 8 मार्च 2008 ची निवडणूक आली. बारिसानला 222 पैकी 140 जागा मिळाल्या, दोन-तृतीयांश बहुमत गेले आणि पाच राज्यांत विरोधकांची सरकारे आली. झैद यांना या निवडणुकीत पक्षाने उमेदवारीच दिली नव्हती.

मार्चमधील निर्णय

निवडणुकीत हादरलेल्या अब्दुल्ला यांना सुधारणेचा शब्द खरा करून दाखवणे भाग होते. त्यांनी झैद यांना सिनेटवर नेमून थेट मंत्रिमंडळात घेतले. मलेशियात मंत्र्याला दोनपैकी एका सभागृहाचा सदस्य असावेच लागते, आणि सिनेटच्या 70 पैकी 44 जागा नेमणुकीने भरल्या जात असल्याने उमेदवारी नाकारल्या गेलेल्या माणसालाही या वाटेने आणता येते. झैद यांच्यामागे मतदारसंघ नव्हता, पक्षात गट नव्हता. होता तो फक्त पंतप्रधानांचा विश्वास, आणि ते पंतप्रधान स्वतःच पक्षात कोपऱ्यात सापडले होते.

येथे खात्याची रचना नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे. मलेशियात तेव्हा स्वतंत्र कायदा मंत्रालय नव्हते. पंतप्रधान कार्यालयातील अनेक मंत्र्यांपैकी एकाकडे कायद्याचा विषय असे. खटले भरायचे की नाही याचा अधिकार घटनेच्या 145 व्या अनुच्छेदाने ॲटर्नी जनरलकडे होता. स्थानबद्धतेचे हुकूम गृहमंत्र्यांच्या सहीने निघत. न्यायाधीशांच्या नेमणुकीचा सल्ला राजांना पंतप्रधान देत. म्हणजे ज्या तीन बाबींसाठी लोक कायदामंत्र्याकडे पाहत होते, त्यांतील एकही कायदामंत्र्याच्या हातात नव्हती. विधेयकाचा मसुदा करणे, तो मंत्रिमंडळापुढे नेणे आणि सहकाऱ्यांचे मन वळवणे एवढाच त्यांचा वाव होता.

त्याहून अवघड बाब आणखी एक होती. झैद मंत्री झाले त्या दिवशी पेराक राज्यातील तैपिंगजवळच्या कामुनटिंग येथील स्थानबद्धता केंद्रात हिंड्राफ या भारतीय वंशीयांच्या चळवळीचे पाच नेते अडकलेले होते. 25 नोव्हेंबर 2007 च्या क्वालालंपूरमधील मोठ्या मोर्चानंतर, डिसेंबरमध्ये, त्यांना याच अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली पकडण्यात आले होते आणि त्यांतील बहुतेक जण व्यवसायाने वकील होते. त्यांच्यापैकी एम. मनोहरन यांनी तर स्थानबद्धतेतूनच मार्चमधील विधानसभेची निवडणूक जिंकली. या पाचांचे हुकूम ज्यांनी काढले ते तेव्हाचे अंतर्गत सुरक्षा मंत्री म्हणजे स्वतः पंतप्रधान अब्दुल्ला. ज्या नेत्याने ही सही केली त्याच्याच विनंतीवरून, त्या सहीला तीन-साडेतीन महिने झाले असताना, झैद सुधारणेसाठी मंत्रिमंडळात गेले.

मंत्रिपद नाकारायला हवे होते असा याचा अर्थ मी काढत नाही. दोन-तृतीयांश बहुमत गमावलेले सरकार, सुधारणेची भाषा बोलणारा पंतप्रधान आणि न्यायसंस्थेच्या प्रश्नावर जागे झालेले वकील हा योग वीस वर्षांत प्रथमच आला होता, आणि तो सोडून देणे कोणत्याही गंभीर माणसाला जड गेले असते. परंतु स्वीकारण्यापूर्वी कामुनटिंगमधील पाच जणांचे काय, या कायद्याचे काय आणि न्यायाधीश नेमणुकीतील पंतप्रधानांचा अधिकार कितपत सुटणार, या प्रश्नांवर ठरलेला शब्द घेतला असल्याचे पुढच्या घटनांतून कोठेही दिसत नाही.

पहिले सहा महिने

सुरुवात आशादायक होती. 1988 मध्ये अन्याय झालेल्या न्यायाधीशांची सरकारने माफी मागावी, ही झैद यांची पहिली जाहीर मागणी होती. मंत्रिमंडळातून तिला विरोध झाला. अखेर 17 एप्रिल 2008 रोजी वकील परिषदेच्या रात्रिभोजनाच्या समारंभात अब्दुल्ला यांनी दोन घोषणा केल्या : त्या सहा न्यायाधीशांना, अथवा ते हयात नसल्यास त्यांच्या कुटुंबीयांना, सानुग्रह रक्कम देण्यात येईल आणि न्यायाधीश निवडीसाठी आयोग स्थापन होईल. माफी हा शब्द मात्र आला नाही. झालेल्या गोष्टीची भरपाई करायची, पण ती चूक होती असे म्हणायचे नाही, हा मंत्रिमंडळाचा पवित्रा होता. वकिलांनी त्या रात्री केलेले स्वागत मनापासूनचे होते, आणि तरीही झैद यांची ताकद कोठपर्यंत चालते याचे माप त्याच रात्री मिळाले होते.

त्यानंतर राजकीय वातावरण झपाट्याने बिघडले. मे महिन्यात महाथीर यांनी अब्दुल्ला यांच्या विरोधात अम्नो सोडला. 26 ऑगस्टला अन्वर इब्राहिम पेर्माटांग पाउहची पोटनिवडणूक जिंकून संसदेत परतले आणि 16 सप्टेंबरपर्यंत सत्ताधारी खासदार फोडून सरकार बनवण्याची भाषा करू लागले. सत्ताधारी आघाडीने आपल्या पन्नासच्या आसपास खासदारांना शेतीच्या अभ्यासदौऱ्यासाठी तैवानला पाठवले, यावरून तेव्हाच्या अस्वस्थतेची कल्पना यावी. त्यातच पोटनिवडणुकीच्या प्रचारात अम्नोच्या एका स्थानिक नेत्याने चिनी समाज या देशात उपरा आहे अशा आशयाचे वक्तव्य केल्याची बातमी सिन च्यू या चिनी दैनिकात आली. त्या नेत्याला 10 सप्टेंबरला पक्षातून तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले.

समस्या

दोनच दिवसांनी, 12 सप्टेंबरला, पोलिसांनी ती बातमी देणाऱ्या वार्ताहरालाच पकडले. ‘मलेशिया टुडे’ हे संकेतस्थळ चालवणारे राजा पेत्रा कमरुद्दीन यांना आणि डीएपी या विरोधी पक्षाच्या सेपुतेह मतदारसंघातील खासदार तेरेसा कोक यांनाही त्याच दिवशी अटक झाली. मशिदीतील अजानबाबत तक्रार केल्याचा कोक यांच्यावरचा आरोप त्यांनी साफ नाकारला होता. वार्ताहराला एका दिवसाच्या आत सोडण्यात आले. तिला तिच्याच सुरक्षिततेसाठी ताब्यात घेतले होते, असे स्पष्टीकरण गृहमंत्री सय्यद हमीद अलबार यांनी दिले. वादग्रस्त विधान करणारा बाहेर आणि त्याची बातमी देणारी आत, हे चित्र इतके उघड होते की सत्ताधारी आघाडीतील चिनी पक्षांनीही नाराजी व्यक्त केली.

झैद यांच्यापुढील पेच दुहेरी होता. अटकेचा निर्णय त्यांचा नव्हता आणि त्यांच्या खात्यातलाही नव्हता. पण घटनेच्या 43 व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ संसदेला सामूहिकरीत्या जबाबदार असते, त्यामुळे ज्या कृतीवर त्यांचा कसलाही ताबा नव्हता तिची जबाबदारी मात्र त्यांच्यावर येत होती. आणि ते साधे मंत्री नव्हते. कायद्याच्या राज्याचा चेहरा म्हणून त्यांना आणले गेले होते. ते गप्प बसले असते तर त्या गप्प बसण्यालाच सरकारने संमती म्हणून दाखवले असते.

पुढे असलेले पर्याय

आत राहून काम पुढे रेटणे हा एक मार्ग होता, आणि तो हलका समजू नये. न्यायिक नियुक्ती आयोगाचे विधेयक अजून संसदेत यायचे होते. मसुद्यातील प्रत्येक कलमावर भांडण होणार होते आणि ते भांडणारा मंत्रिमंडळात दुसरा कोण होता, हा प्रश्न रास्त होता. आज शांत राहून डिसेंबरमध्ये एक सशक्त कायदा पदरात पाडून घेतला असता तर त्याचा फायदा पुढच्या कित्येक पिढ्यांतील पक्षकारांना झाला असता, असे म्हणणारा माणूस संधिसाधू ठरत नाही.

पदावर राहून जाहीर विरोध करणे हा दुसरा मार्ग. सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वापुढे तो फार दिवस टिकला नसता. पंतप्रधानांना त्यांना काढावे लागले असते, किंवा त्यांच्या शब्दाला कोणी किंमत दिली नसती.

तिसरा मार्ग अटींचा होता, आणि या प्रकरणात तो पुरेसा आजमावला गेला नाही असे मला वाटते. पंतप्रधानांना वेळेची मर्यादा घालून सांगायचे की उरलेल्या दोघांना सोडा किंवा त्यांच्यावर रीतसर खटला भरा, आणि या कायद्याच्या फेरविचारासाठी समिती जाहीर करा. ते न झाल्यास अमुक तारखेला मी जाईन. 16 सप्टेंबरची टांगती तलवार असलेल्या पंतप्रधानांना त्या आठवड्यात एका मंत्र्याचे जाणे परवडणारे नव्हते, आणि म्हणून झैद यांच्या शब्दाचे वजन त्या तीन-चार दिवसांत जितके होते तितके त्याआधी नव्हते आणि त्यानंतरही राहिले नाही.

चौथा मार्ग सरळ राजीनाम्याचा. मतदारसंघ नसलेल्या, गट नसलेल्या मंत्र्याकडे स्वतःची म्हणावी अशी ती एकच वस्तू असते आणि ती एकदाच वापरता येते.

केलेली कृती

झैद यांनी चौथा मार्ग निवडला. अब्दुल्ला यांनी राजीनामा लगेच स्वीकारला नाही, फेरविचार करायला सांगितले. झैद ठाम राहिले आणि काही दिवसांत त्यांचे मंत्रिपद संपले. महिनाअखेरीस त्यांनी पंतप्रधानांना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि कायदा रद्द करण्याची मागणी सविस्तर मांडली. 1960 मध्ये हा कायदा संसदेत मांडताना तो कम्युनिस्ट सशस्त्र लढ्यापुरता असल्याचे आश्वासन दिले गेले होते; ते आश्वासन मोडले गेले, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

पत्र चांगले होते. पण ते राजीनाम्यानंतर आले. पंतप्रधानांना जे मागायचे ते मागण्याची त्यांची ताकद तोवर संपली होती.

परिणाम

तेरेसा कोक यांना 19 सप्टेंबरला सोडण्यात आले. राजा पेत्रा यांच्यावर मात्र गृहमंत्र्यांनी दोन वर्षांचा हुकूम काढला आणि त्यांना कामुनटिंगला पाठवले. 7 नोव्हेंबरला शहा आलम उच्च न्यायालयाने स्थानबद्धतेला आव्हान देणाऱ्या हेबियस कॉर्पस अर्जावर त्यांची सुटका केली. मंत्र्याने आपल्या अधिकाराच्या कक्षेबाहेर जाऊन हुकूम काढला, असे न्यायालयाला आढळले. 1989 च्या दुरुस्तीनंतर असा निकाल येणे ही मोठी गोष्ट होती, आणि ती न्यायसंस्थेने स्वतःच्या बळावर केली. हिंड्राफचे पाच नेते एप्रिल आणि मे 2009 मध्ये, नजीब रझाक पंतप्रधान झाल्यानंतर, बाहेर आले.

अब्दुल्ला यांनी 8 ऑक्टोबरला पक्षाध्यक्षपदाची निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले आणि 3 एप्रिल 2009 रोजी पद सोडले. जाण्यापूर्वी त्यांनी न्यायिक नियुक्ती आयोगाचे विधेयक डिसेंबर 2008 मध्ये मंजूर करून घेतले. नऊ सदस्यांच्या या आयोगात पाच न्यायाधीश आणि चार मान्यवर व्यक्ती. पण त्या चार व्यक्तींची आणि पाचव्या न्यायाधीशाची निवड पंतप्रधानांनीच करायची, आणि आयोगाने सुचवलेली नावे पसंत नसतील तर पंतप्रधानांनी आणखी नावे मागवायची. म्हणजे ज्या हातातून अधिकार काढून घ्यायचा होता त्याच हाताशी तो बराचसा राहिला. झैद मंत्री असते तर हा मसुदा अधिक कणखर झाला असता का, हे सांगता येणार नाही. एप्रिलमध्ये माफीच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने त्यांना जेवढे दिले ते पाहता, फार मोठा फरक पडला असता असे मानण्याचे कारण दिसत नाही, आणि म्हणूनच आत राहण्याच्या पर्यायाची बाजू वरवर वाटते तेवढी भक्कम नव्हती.

विरोधकांच्या कार्यक्रमांना हजेरी लावल्याबद्दल 2 डिसेंबर 2008 रोजी अम्नोने झैद यांची हकालपट्टी केली. जून 2009 मध्ये ते अन्वर यांच्या पीकेआर पक्षात गेले आणि विरोधी आघाडीच्या सामायिक धोरणाच्या कामात त्यांनी मोलाचा वाटा उचलला. त्यांच्या स्वभावाला आणि शिक्षणाला साजेसे ते काम होते. मग मार्च 2010 मध्ये सेलांगोर राज्यातील हुलू सेलांगोरचे खासदार वारले आणि पक्षाने पोटनिवडणुकीत झैद यांना उभे केले. हा निर्णय महागात पडला. अम्नोच्या प्रचारयंत्रणेने धोरणांवर बोलण्याऐवजी मलय मुस्लिम उमेदवाराच्या मद्यपानाचा मुद्दा उचलला. आपण पूर्वी मद्य घेत होतो हे झैद यांनी नाकारले नाही. दुसऱ्या बाजूला, आपला उमेदवार जिंकल्यास रासा गावातील चिनी शाळेला 30 लाख रिंगिट देऊ, असे पंतप्रधान नजीब यांनी प्रचारातच सांगितले. 25 एप्रिलला सत्ताधारी आघाडीतील मलेशियन इंडियन काँग्रेसचे पी. कमलनाथन यांना 24,997 आणि झैद यांना 23,272 मते मिळाली. 1,725 मतांनी ते हरले. प्रामाणिकपणे दिलेल्या एका उत्तराची किंमत त्यांनी मोजली, असे मी म्हणेन, आणि ते उत्तर दिल्याबद्दल त्यांच्याविषयी माझा आदर वाढतो.

त्याच वर्षी पीकेआरने पक्षांतर्गत पदांसाठी प्रत्येक सदस्याला थेट मत देण्याची पद्धत आणली. उपाध्यक्षपदासाठी झैद अन्वर यांचे निकटवर्ती अझ्मिन अली यांच्याविरुद्ध उभे राहिले, मतदानात गैरप्रकार होत असल्याचा आरोप करून नोव्हेंबरमध्ये माघार घेतली आणि पक्षच सोडला. पुढे कीता नावाच्या छोट्या पक्षाचे नेतृत्व त्यांनी केले आणि तोही सोडला. 2017 मध्ये ते डीएपीत गेले. 2022 मध्ये नजीब यांच्या एसआरसी या भ्रष्टाचार प्रकरणातील अखेरच्या अपिलासाठी त्यांच्या फर्मने वकीलपत्र घेतले होते. वकील कोणाचेही वकीलपत्र घेऊ शकतो आणि आरोपीला चांगला वकील मिळायलाच हवा. तरी 2008 च्या राजीनाम्याने भारावलेल्या अनेकांना ते रुचले नाही.

ज्या कायद्यासाठी हे सारे घडले त्याचे काय झाले, तेही पाहायला हवे. नजीब यांनी दूरचित्रवाणीवरील भाषणात अंतर्गत सुरक्षा कायदा रद्द करण्याची घोषणा केली ती तारीख होती 15 सप्टेंबर 2011, झैद यांच्या राजीनाम्याला बरोबर तीन वर्षे झाली तो दिवस. 31 जुलै 2012 पासून त्याच्या जागी सोस्मा हा सुरक्षाविषयक गुन्ह्यांसाठीचा नवा कायदा आला.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

राजीनामा चुकीचा होता असे मला कोठेही वाटत नाही. सहकारी मंत्री वार्ताहराच्या अटकेला तिची सुरक्षा म्हणत असताना कायदामंत्र्याने खुर्चीवर बसून राहणे हे त्या पदाचेच मोल घालवणारे झाले असते. प्रश्न त्याच्या आधीचा आणि नंतरचा आहे.

आधीचा प्रश्न असा : सप्टेंबरमधील तिघांसाठी पद सोडणाऱ्या मंत्र्याने मार्चमध्ये पाच जण आत असताना पद का घेतले? झैद यांच्या बाजूने असे म्हणता येईल की आधीच्या मंत्रिमंडळाच्या काळातला निर्णय आतून फिरवता येईल अशी त्यांना आशा होती आणि सप्टेंबरमधील अटका त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीत झाल्या. हा भेद खरा आहे. तरीही कामुनटिंगमधील माणसाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने पाहिले तर तो फार तोकडा पडतो. मार्चमध्ये अब्दुल्ला यांना नवा चेहरा हवा होता, त्यांची गरज मोठी होती, आणि वाटाघाटीत मोठी फर्म उभी केलेल्या वकिलाला हे कळत नव्हते असे नाही. आपल्या अशिलाला त्यांनी अटी लिहून घेतल्याशिवाय सही करू दिली नसती. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी केवळ विश्वासावर सही केली. मागायच्या गोष्टी तीन होत्या : पाच जणांची सुटका किंवा खटला, नव्या स्थानबद्धतेपूर्वी कायदामंत्र्याशी सल्लामसलत, आणि आयोगाच्या मसुद्याचा मुख्य आराखडा. तिन्ही मिळाल्या असत्या असे नाही. नकार मिळाला असता तर तो मार्चमध्येच कळला असता.

दुसरी जागा एप्रिलमधली. माफीची मागणी फेटाळली गेली तेव्हा त्यांनी भरपाईवर समाधान मानले. तडजोड म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण आपल्या शब्दाला मंत्रिमंडळात किती मते आहेत याचा हिशेब तेव्हाच मांडून त्यांनी सहकारी जोडायला घ्यायला हवे होते. पुढे सप्टेंबरमध्ये चिनी पक्षांचे मंत्रीही अस्वस्थ असताना झैद एकटेच बाहेर पडले. त्यांच्यातील एक-दोघांनी निदान जाहीर निवेदनावर सह्या केल्या असत्या तरी राजीनाम्याचा आवाज दुप्पट झाला असता, आणि त्यासाठी लागणारी ओळख, गाठीभेटी आणि विश्वास एका रात्रीत तयार होत नाहीत.

तिसरी जागा त्या तीन दिवसांतली, म्हणजे अटींची. तिच्याविषयी वर लिहिले आहे.

चौथी जागा नंतरची, आणि मला सर्वांत हळहळ वाटते ती हिच्याविषयी. ऑक्टोबर 2008 मध्ये झैद इब्राहिम हे मलेशियातील असे दुर्मीळ गृहस्थ होते ज्यांचे म्हणणे मलय, चिनी आणि भारतीय वंशाचे लोक सारख्याच आदराने ऐकत होते. त्यांनी पदासाठी काही मागितले नव्हते, उलट सोडले होते. त्या आधारावर पक्षांच्या बाहेर राहून स्थानबद्धतेचा कायदा, 121 वा अनुच्छेद आणि न्यायाधीशांच्या नेमणुका या तीन विषयांवर पाच-सात वर्षे सातत्याने काम करणे त्यांना शक्य होते. पैसा होता, कायद्याचे ज्ञान होते, वकिलांची संघटना अनुकूल होती. त्याऐवजी ते पक्षकार्यकर्त्यांच्या मैदानात उतरले, जेथे शाखा, प्रतिनिधी आणि निष्ठा यांचे गणित चालते आणि जेथे त्यांना कधीच फारसे जमले नव्हते. 2010 मध्ये त्यांनी पीकेआर सोडला तेव्हा त्यांच्या आरोपांत तथ्य असेलही. पण लोकांनी त्या जाण्याकडे 2008 सारखे पाहिले नाही, कारण पहिल्या वेळी त्यांनी काय गमावले ते सर्वांना दिसत होते आणि दुसऱ्या वेळी ते हरणारी निवडणूक सोडत आहेत असे दिसत होते.

या मताविरुद्ध एक मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मलेशियासारख्या देशात सत्तेबाहेरचा जाणकार कितीही आदरणीय असला तरी कायदे संसदेत होतात आणि संसद पक्षांची असते. मग पक्षात गेल्याबद्दल झैद यांना दोष का द्यावा? माझे उत्तर एवढेच की पीकेआरमध्ये त्यांच्या हाती सामायिक धोरणाचे काम होते आणि ते त्यांनी चांगले केले. पोटनिवडणूक आणि उपाध्यक्षपद या दोन्ही गोष्टी त्या कामाला आवश्यक नव्हत्या.

सोस्माने राजकीय मतासाठी कोणाला पकडता येणार नाही असे शब्दांत लिहून ठेवले आणि दोन वर्षांचे हुकूम संपवले, ही खरी सुधारणा होती. पण पोलिसांना 28 दिवसांपर्यंत कोठडीत ठेवण्याची मुभा राहिली, 2015 च्या दहशतवादविरोधी कायद्याने विनाखटला स्थानबद्धता दुसऱ्या दाराने परत आणली, आणि नोव्हेंबर 2016 मध्ये निवडणूक सुधारणांसाठी मोर्चा काढणाऱ्या बेर्सिह चळवळीच्या अध्यक्षा मारिया चिन अब्दुल्ला यांनाही सोस्माखालीच दहा दिवस एकांत कोठडीत काढावे लागले. 2008 मध्ये झैद यांनी जो कायदा घालवायला सांगितला होता तो गेला. त्यांनी ज्या अधिकारावर बोट ठेवले होते तो अजून सरकारच्या हातात आहे.